काकवीचा माठ

गर्विष्ठ माणसाची कबुली ऐकायची तर आधी त्याची थोडी फुशारकी ऐकून घ्यावी लागते. तेवढं सोसा. जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही, आणि तिच्यापासून मला चोरून खाल्लेला पेढादेखील कधी लपवता आला नव्हता. ती गेली तेव्हा तिच्या लेखी मी तापट, तोंडाळ, पण सरळ माणूस होतो. तापट आणि तोंडाळ आहेच. सरळ — त्याबद्दलच बोलायचं आहे.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. चांगलं शिकवलं. नम्रता-बिम्रता मला जमत नाही. जे चांगलं होतं त्याला चांगलं म्हणायला कशाला लाजायचं? माझा उपाशी पेशीचा तास असला की वनस्पतिशास्त्राची पोरं येऊन मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसायची. एकदा तर मराठीचे प्राध्यापक येऊन बसले आणि तास संपल्यावर म्हणाले, तुम्ही आमच्या विषयात यायला हवं होतं. मी म्हटलं, तुमच्या विषयात पेशी कुठे आहेत? अशी माझी जीभ.

त्या तासाला मी काय सांगायचो ते तुम्हालाही सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. पेशीला साखर लागते. साखर, म्हणजे ग्लुकोज, हे तिचं रोजचं सरपण. ते मिळेनासं झालं म्हणून ती लगेच मरत नाही. ती स्वतःलाच खायला लागते. ऐकायला भयंकर वाटतं ना? पण ती वेड्यासारखी खात नाही. आपल्याच अंगातले जुने, झिजलेले, मोडके तुकडे वेगळे काढते, त्यांच्याभोवती एक पातळ पिशवी गुंडाळते, त्या पिशवीत पाचक रस सोडते, आणि त्यातून जे निघतं त्यावर दिवस काढते. केंद्रकाला, म्हणजे जिथे तिची सगळी वडिलोपार्जित पुंजी असते त्याला, हात लावत नाही. आणि बाहेर पुन्हा साखर आली की हे खाणं थांबवते. थांबवते! उपास धरायचा कधी आणि सोडायचा कधी, हे त्या ठिपक्याला कळतं — ज्याला डोळे नाहीत, मेंदू नाही.

पुढे पुस्तकांत आलं की पेशीत यासाठी जणू दोन पहारेकरी असतात. सरपण कमी पडलं की एक प्रथिन जागं होऊन हे काम सुरू करायला लावतं. घर भरलेलं असलं की दुसरं एक प्रथिन ते रोखून धरतं. आमच्या वेळी या पहारेकऱ्यांची नावं आम्हाला ठाऊक नव्हती. तिकडे परदेशात कुणी काय पाहिलं होतं याचीही धड कल्पना नव्हती, मासिकं यायची ती जुनी होऊन यायची. पण साखर तुटली की खाणं सुरू होतं आणि साखर आली की थांबतं, हे आम्ही इथे, वऱ्हाडात, कडब्याच्या पाण्यात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. याचा अभिमान मला आजही आहे.

आम्ही म्हणतोय खरा. पहिल्यांदा पाहिलं ते शालिकनं.

साठ सालानंतरची ती वर्षं. मी आणि शालिक दोघेही तिथे डेमॉन्स्ट्रेटर होतो, म्हणजे मुलांची प्रॅक्टिकलं घ्यायची, सूक्ष्मदर्शक पुसायचे, बरण्या भरायच्या. मी अकोल्याकडचा, काळ्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या कापूस घेणाऱ्या घरातला. शालिक अमरावतीचाच. त्याचे वडील जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहायचे. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा शालिक कॉलेजात शिकत होता, आणि वस्तीतला बी.एस्सी. झालेला तो पहिला मुलगा. आम्ही एका वयाचे. तो मला तुम्ही म्हणायचा, भाऊ म्हणायचा. मी त्याला अरे-तुरे करायचो. तेव्हा ते मला खटकलं नाही. खटकायला हवं होतं का? हो.

आमची प्रयोगशाळा कशी होती म्हणता? ज्वारीचा कडबा तुकडे करून उकळायचा, ते पाणी काही दिवस उघडं ठेवायचं, त्यात तळ्याचं पाणी थेंबभर टाकायचं. आठवड्याभरात ते पाणी पॅरामेशियमनं नुसतं बुजबुजायचं. पॅरामेशियम म्हणजे चपलेच्या तळव्याच्या आकाराचा जीव, अख्खा प्राणी म्हणजे एकच पेशी, आणि धावतो असा की भिंगाखाली सापडत नाही. त्याची वाट अडवायला थेंबात कापसाचे तंतू टाकायचे असं इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं होतं. कापूस! आमच्या घरच्या कापसाची एक मूठ मी टेबलाच्या खणातच ठेवली होती. शुद्ध पाणी मात्र आमच्याकडे नव्हतं. रसायनशास्त्रवाल्यांकडचं ऊर्ध्वपातित पाणी मागून आणावं तर त्यात हे जीव पटापट मरायचे, बहुधा तांब्याच्या यंत्रामुळे. म्हणून विहिरीचं पाणी, नीट निवळलेलं, हेच आमचं शुद्ध पाणी.

हिवाळ्यातल्या एका दुपारी शालिकनं मला खिडकीपाशी हाक मारली. त्यानं काही जीव कडब्याच्या पाण्यातून उचलले होते, साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुतले होते आणि उपाशी ठेवले होते. मग थेंबात लाल रंग सोडला होता. पेशीच्या आत जिथे जिथे पचन चाललेलं असतं तिथे तो रंग चढतो. "भाऊ, या जरा," तो म्हणाला. "हा सोताले खाऊन राहिला."

मी डोळा लावला. प्राणी वाळला होता, बारीक झाला होता. अन्नाचे फुगे केव्हाच संपलेले. आणि तरी आत लाल फुगे होते — त्यांच्यात बाहेरचं काही नव्हतं, त्याच्याच अंगातले कण होते. मी माझ्या मोठेपणात म्हणालो, मरतोय रे तो, दुसरं काय. विभागात उन्हाळ्यासाठी ग्लुकोजचा डबा ठेवलेला असे, त्यातली चिमूट शालिकनं पाण्यात विरघळवली आणि एक थेंब सोडला. आम्ही चहा पिऊन आलो. नवे फुगे धरणं थांबलं होतं, आणि आमचा मरणारा गडी तंतूंमधून वाट काढत धावत होता. "मरत असता तं धावला असता काय?" शालिक म्हणाला. आणि मग, "घरात तंगी आली का माय मोडकी बाज जाळते भाऊ, दार नाई जाळत."

हे बाजेचं आणि दाराचं वाक्य मी पुढे नोकरी संपेपर्यंत दर वर्षी तासाला वापरलं. माझं म्हणून. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. पण कबुली ही नाही. ही तर किरकोळ. येतोय — तिकडेच येतोय.

त्या हिवाळ्यात शालिक घरून तांब्यात पाणी आणायचा. प्यायलाही तेच, प्रयोगालाही तेच. मग चैत्र आला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको, आणि नसेल तर सांगून कळणार नाही. तांब्या दुपारपर्यंत संपायला लागला. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात सगळ्यांचा एक माठ होता. एका दुपारी शालिक उठला, त्या माठातलं पाणी घेतलं आणि प्याला. त्याला कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी शिपाई म्हणाला, त्या माठात पाणी भरायचं मले जमणार नाही. दोन सरांनी घरून बाटल्या आणल्या. विभागप्रमुखांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तुम्ही बघा जरा.

मी बघितलं. मीच बघितलं. मी स्वतःला पुरोगामी म्हणवत होतो ना — शालिकच्या खांद्यावर हात टाकून आवारात फिरायचो, आणि लोकांना दिसेल असा फिरायचो. मला वाटलं, हा प्रश्न माझ्यासारख्यानंच नाजूकपणे सोडवायला हवा. कुणी दुखावलं जाऊ नये, बोभाटा होऊ नये. कुणी म्हणजे कोण? शिपाई, ते दोन सर, प्रमुख. आणि शालिक? शालिक दुखावणार नाही अशी मी युक्ती काढली — असं मला वाटलं. त्या रविवारी मी अकोल्याला गेलो, तिथून गावी, आणि आईकडून एक जुना माठ मागून घेतला. अमरावतीत कुंभारवाड्यात नवा माठ मिळाला नसता का? मिळाला असता. पण त्याच्यासाठी कशाला नवा, हे मनात आलंच. तेही लपवत नाही.

आमच्या मळ्यात विहिरीच्या कडेला थोडा ऊस असायचा. गुऱ्हाळ लागलं की काकवी निघायची, गूळ होण्याआधीचा तो पातळ, काळसर पाक. आणि ती वर्षानुवर्षं या माठात ठेवलेली असायची. आई म्हणाली, "राखेनं चांगला घासजो बरं, काकवीचा हाय." मी एकदा घासला. एसटीत तो माठ मांडीवर घेऊन अकोल्याहून अमरावतीपर्यंत आलो, लोक पाहत होते, आणि मला — सांगू? — मला आपण काही थोर करतोय असं वाटत होतं. माठ मी शालिकच्या टेबलाशेजारी तिवईवर ठेवला. म्हटलं, तुला सारखं उठायला नको. शालिकनं माठाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या त्या दुसऱ्या माठाकडे. "बरं झालं भाऊ," तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं तांब्या आणणं बंद केलं. शिपाई दोन्ही माठ एकाच विहिरीच्या पाण्यानं भरायला लागला, कुरकुर थांबली, प्रमुख माझ्यावर खूश. चार-आठ दिवसांनी शालिक सहज म्हणाला, "तुमच्या माठातलं पानी गारही होत नाई अन् गुळमट लागते, भाऊ." मी हसून म्हणालो, घरचा पाहुणचार आहे, पी. मी स्वतः त्यातलं पाणी चाखून पाहिलं का? नाही. तो शालिकचा माठ होता ना.

परीक्षा संपल्या आणि नागपूरहून एक मोठे प्राध्यापक यायचे ठरले. त्यांच्याकडे संशोधनासाठी एक जागा होती, विद्यावेतनासकट. एकच. आमच्या दोघांपैकी एकाला ते नेणार होते. आमच्या उपाशी पॅरामेशियमबद्दल प्रमुखांनी त्यांना सांगितलं होतं, आणि पहिल्यांदा कुणी पाहिलं तेही, इमानानं, शालिकचं नाव घेऊन. तेव्हा दोघांनी आपापल्या टेबलावर तोच प्रयोग मांडून दाखवायचा असं ठरलं. त्या जागेचा अर्थ शालिकला काय होता हे मला माहीत होतं. मला घरी जमीन होती. त्याला ती जागा नाही तर दुसरं काही नव्हतं.

प्राध्यापक यायच्या आधी पुरेसा वेळ ठेवून आम्ही जीव कडब्याच्या पाण्यातून उचलले, धुतले आणि काचेच्या वाट्यांत, साध्या पाण्यात ठेवले. मी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेतलं. शालिकनं त्याच्या माठातलं. दुसऱ्या माठाला हात लावायचा नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या माठानं ते सांगितलं होतं.

प्राध्यापक आले. उंच, सावकाश बोलणारे, खादीचा कोट घातलेले गृहस्थ. आधी माझ्या सूक्ष्मदर्शकात वाकले. वाळलेले जीव, लाल फुगे, सगळं जिथल्या तिथे. "वा," म्हणाले. मग शालिकच्या टेबलाशी गेले. बराच वेळ वाकून राहिले. मला वाटलं, याचं माझ्याहून चांगलं निघालं. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, "हे उपाशी नाहीत. हे जेवून उठलेत."

मीही पाहिलं. गुबगुबीत, काळसर, पोट भरलेले. काही तर दुभंगून एकाचे दोन होत होते. उपाशी प्राणी कधी वंश वाढवतो? शालिक भिंगाशी वाकला, आणि वर आला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवेना. "सर, मी स्वतः धुतले," एवढंच तो म्हणाला, आमच्या बोलीतलं काही येऊ नये म्हणून जपून. प्राध्यापकांनी मान हलवली आणि प्रमुखांबरोबर चहाला गेले. शालिक बाहेर व्हरांड्यात जाऊन कठड्याला धरून उभा राहिला. खोलीत मी एकटा उरलो.

मी त्या माठाकडे का गेलो? त्याचं ते "गुळमट" आठवलं, की आईचं "काकवीचा हाय"? दोन्ही एकदमच आठवली असतील. मी दाराकडे पाहिलं. आधी दाराकडे पाहिलं — शालिकच्या माठातलं पाणी चाखताना मला कुणी बघू नये म्हणून. मग बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

गोड होतं. फार नाही. पण होतं.

पहिल्या क्षणी मला आनंद झाला. खरं सांगतो — लख्ख आनंद, कोडं सुटल्याचा. माठाच्या अंगात इतक्या वर्षांची काकवी मुरलेली, ती पाण्यात उतरत होती. त्या साखरेवर पाण्यातले बारीक जंतू वाढत होते आणि त्यांच्यावर हे गडी जेवत होते. उपाशी राहिलेच नव्हते, तर स्वतःला खातील कशाला? म्हणजे शालिक हिवाळ्यापासून जे म्हणत होता, साखर येत राहिली तर हे खाणं सुरूच होत नाही, ते त्याच्याच वाटीत सिद्ध झालेलं होतं. त्याचा प्रयोग फसला नव्हता. आम्हा दोघांच्या वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर याहून सुंदर पुरावा शोधूनही मिळाला नसता. आणि हे त्या घटकेला फक्त मला ठाऊक होतं.

दाराशी पावलं वाजली. प्राध्यापक परत आले, मागून प्रमुख, त्यांच्या मागे शालिक. प्राध्यापक खरे शास्त्रज्ञ होते. चहा पिता पिता त्यांनीही तोच विचार केला असणार, कारण आल्या आल्या त्यांनी विचारलं ते हेच. आणि मी जवळ उभा होतो म्हणून मला विचारलं.

"पाणी दोघांचं एकच होतं ना?"

"हो सर," मी म्हणालो. "एकाच विहिरीचं."

यातला एक शब्द तरी खोटा आहे का? नाही. म्हणूनच तर इतकी वर्षं मला तो जपून ठेवता आला. मी एवढंच म्हणायचं होतं की विहीर एक, पण माठ दोन. मग त्यांनी विचारलं असतं, एका खोलीत दोन माठ कशाला? कुणी आणला हा? असल्या गोष्टींत ते गृहस्थ कुणाची गय करणारे नव्हते, आणि मी तर पुरोगामी म्हणून मिरवत होतो. मला त्याची लाज वाटली म्हणून गप्प बसलो की नागपूरची जागा डोळ्यांपुढे होती म्हणून? दोन्ही होतं. कोणतं जास्त ते मी कधी तोलून पाहिलं नाही, आणि आता तुमच्यासमोर तोलून स्वतःला हलकं करणार नाही.

शालिकनं मान हलवली. त्याच्याही लेखी पाणी एकाच विहिरीचं होतं. शिपायाला दोन्ही माठ भरताना तो रोज पाहत होता. प्राध्यापक त्याला हळू आवाजात म्हणाले, "हुशारी आहे तुमच्यात. हात काटेकोर नाही." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मी नागपूरला गेलो. तिथे मी नाव काढलं, आणि ते नाव फुकट काढलं असं मी म्हणणार नाही. राबलो. उपाशी पेशींवर चांगलं काम केलं, डॉक्टरेट मिळवली, त्याच कॉलेजात परत येऊन पुढे विभागप्रमुख झालो. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज कुठे कुठे आहेत. निरोप समारंभाला एका विद्यार्थ्यानं भाषणात सांगितलं की सरांचा हात इतका काटेकोर की त्यांच्या वाटीतला जीवसुद्धा खोटं बोलत नसे. टाळ्या पडल्या. मीही हसलो.

शालिक कॉलेजात फार राहिला नाही. मी नागपूरहून मधे एकदा सुटीत आलो तेव्हा तो सामान आवरत होता. हिवतापाच्या खात्यात लागला होता, धारणीला, मेळघाटात. रक्ताचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं काम. जाताना त्यानं माठाकडे बोट केलं. "हा नेऊ काय भाऊ? तिकडे लागन." मी म्हणालो, ने ना, तुझाच आहे. माठ खोलीतून गेला याचं मला बरं वाटलं. आठवण जाते म्हणून नाही. पुरावा जातो म्हणून.

नागपूरहून कायमचा परतलो त्यानंतरची गोष्ट, साठीचं दशक सरत आलं होतं. मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन मेळघाटात गेलो. धारणीत मुलं जेवायला बसली आणि मी शालिकचं घर विचारत गेलो. का गेलो? मोठेपणा दाखवायला, दुसरं काय. आता मी डॉक्टर होतो. त्याला खरोखर आनंद झाला. दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर, खिडकीत सरकारी सूक्ष्मदर्शक. आजूबाजूच्या पाड्यांवरून कुणी तापानं फणफणत आलं की त्याच्याचकडे यायचं, एवढं नाव त्यानं तिथे कमावलं होतं. आणि कोपऱ्यात तिवईवर तो माठ.

त्यानं त्यातलं पाणी मला दिलं. मी प्यालो. त्या माठातलं पाणी मी पेल्यानं प्यालो ते तेव्हा पहिल्यांदा. ते नुसतं पाणी होतं, थंडगार, कसलीच चव नसलेलं.

"आता गार होते," शालिक म्हणाला, आणि मग तो जो बोलायला लागला तो थांबेचना. शाळेतल्या पोरांना दाखवायला म्हणून त्यानं इथेही कडब्याचं पाणी केलं होतं. नाल्याच्या पाण्यात जीव उपाशी पडायचे, स्वतःला खायचे. माठातल्या पाण्यात पडायचे नाहीत. तेच जीव, तोच हात! त्यानं माठ घासून पाहिला, उन्हात ठेवून पाहिला, पुन्हा पुन्हा पाणी भरून ओतून दिलं. आणि हळूहळू माठातल्या पाण्यातही ते उपाशी पडायला लागले. "माठात काहीतरी व्हतं भाऊ, ते सरलं. काय ठेवत व्हते तुमी याच्यात?"

काकवी, मी म्हणालो. तेवढं खरं बोलायला काही अडलं नाही.

शालिकनं मांडीवर थाप मारली. "काकवी! मंग मी बराबर व्हतो!" तो इतका मोकळा हसला की मीही हसलो. तोच आनंद, जो मला त्या दिवशी बोट जिभेवर ठेवल्यावर झाला होता. पण मला तो एका चवीत झाला, त्यानं तो एकट्यानं, जंगलाच्या तोंडाशी, कुणी विचारत नसताना, वर्षभर खपून मिळवला होता. मला त्याचा अभिमान वाटला. माझ्या सगळ्या कामाचा मला वाटला नसेल तेवढा. नागपूरच्या त्या जागेवर बसायचा खरा माणूस समोर बसलेला होता, आणि हे मला आतून, स्वच्छ दिसत होतं.

मग तो पेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

"दोन माठ काहून व्हते, ते मी तुमाले कधी विचारलं नाई," तो म्हणाला. "ते मले माहीतच व्हतं. पन याच्यातलं पानी गोड हाय, हे त्या दिवशी तुमाले माहीत व्हतं काय?"

तिथे प्राध्यापक नव्हते. प्रमुख नव्हते. जागा मला मिळून गेली होती, पदवी मिळून गेली होती. माझ्या एका होकारानं किंवा नकारानं माझं काही जाणार नव्हतं. त्याला त्याची जागा आता मिळणार नव्हती. त्याला फक्त उत्तर हवं होतं.

"नाही, शालिक," मी म्हणालो.

"मले वाटलंच," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "माहीत असतं तं तुमी बोललेच असते." त्यानं माझा रिकामा पेला उचलला, माठातून पुन्हा भरला आणि माझ्या हातात दिला.

मला माहीत होतं. मी तोही पेला प्यालो.